मोडायची मुभा

(कारंजा लाड येथे बचत गट आणि महिला मंडळांच्या एकत्र बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मला आज इथे उभं केलं आहे ते ‘ड्रोन उडवणारी बाई’ म्हणून. तेव्हा आधीच सांगून टाकते. शेतावर फवारणी करणारा मोठा ड्रोन मी अजून चालवलेला नाही. माझा ड्रोन खेळण्यातला आहे. वजन पाव किलोच्या आत, एका चार्जिंगवर आठ-नऊ मिनिटं उडतो आणि जरा वारा सुटला की शेजारच्या वावरात जाऊन पडतो. मी व्यवसायाने शिलाईकाम करणारी बाई. वय चव्वेचाळीस. मग खेळण्याबद्दल बोलायला तुमचा वेळ का घेते? तर हे खेळणं शिकताना मला आपल्या बायकांच्या शिकण्याबद्दल एक गोष्ट कळली. ती तुमच्यापुढे ठेवायची आहे.

सुरुवात गटाच्या बैठकीत झाली. 15 ऑगस्ट 2023 ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून महिला बचत गटांना ड्रोन देण्याची घोषणा केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली. पंधरा हजार गट, 1261 कोटी रुपये, ड्रोनच्या किमतीत 80 टक्के म्हणजे जास्तीत जास्त आठ लाखांपर्यंत मदत, गटातल्या एका बाईला पंधरा दिवसांचं प्रशिक्षण. ही माहिती आमच्या बैठकीत वाचून दाखवली आणि विचारलं, आपल्यातून कोण जाईल? आम्ही चौदाजणी बसलो होतो. एकीनेही हात वर केला नाही. मीही नाही. मग कोपऱ्यातून एक काकू बोलल्या, “अवं, लाखाची वस्तू हाय ते. फुटलं त कोन भरन?”

सगळ्या हसल्या. पण मैत्रिणींनो, घरी गेल्यावर ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कोणी असं नव्हतं म्हटलं की आपल्याला समजणार नाही. कोणी असंही म्हटलं नव्हतं की घरचे जाऊ देणार नाहीत. पहिला प्रश्न आला तो हा: फुटलं तर?

माझ्या भाच्याकडे एक छोटा ड्रोन होता. दोन महिने खेळून त्याने कपाटावर टाकून दिलेला. मी तो मागून घेतला. शकुंतला रेल्वेच्या जुन्या रुळांकडे जाताना आमच्या गटातल्या एका वहिनीचं पडीक वावर आहे. एका रविवारी सकाळी आम्ही चौघी तिथे गेलो, सोबत भाचा. त्याने अर्ध्या मिनिटात समजावलं, “हे असं वर, हे असं पुढं, झालं.” मी दांडी ढकलली. ड्रोन सरळ वर गेला, तिरका झाला आणि बांधावरच्या बाभळीत जाऊन अडकला. मी घामाघूम. तोंडातून पहिला शब्द निघाला, “माय वं, मोडला!” भाच्याने माझ्या हातातून रिमोट काढून घेतला, काठीने ड्रोन पाडला आणि पुढची वीस मिनिटं तोच उडवत बसला. आम्ही चौघी बांधावर बसून टाळ्या वाजवल्या.

परत येताना वहिनी म्हणाली, “आपन शिकाले आलो होतो का पाहाले?”

मग मी भाच्याला विचारलं, तू कसा शिकलास? तो म्हणाला, “पाडून पाडून. बारा पाती तोडली मी.” त्याला बारा पाती तोडताना कोणी टोकलं नव्हतं. पोराने रेडिओ खोलला तर आपण म्हणतो, डोकं चालतं त्याचं. पोरीच्या हातून कपबशी फुटली तर म्हणतो, लक्ष कुठे असतं हिचं? पोरगा सायकलवरून पडून गुडघा फोडून आला तर ते शिकणं. पोरगी पडली तर सायकल बंद. लहानपणापासून आपल्याला वस्तू जपायला शिकवलं जातं, वापरून बघायला नाही. जी वस्तू मोडायची मुभा नाही, ती वस्तू कधीच शिकता येत नाही. शिलाई मशीनचंच बघा. पायडलवर पहिल्यांदा पाय ठेवला की चाक उलटं फिरतं, दोरा तुटतो, सुई मोडते. सुई मोडल्याशिवाय शिवायला शिकलेली बाई मला अजून भेटलेली नाही. पण सुई रुपया-दोन रुपयांची. म्हणून तेवढी मुभा आपल्याला मिळाली.

तुमच्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टै जिल्ह्याची गोष्ट आठवत असेल. 1991 नंतर तिथल्या साक्षरता चळवळीने अक्षरांबरोबर सायकल शिकवायचं ठरवलं. हजारो ग्रामीण बायका, शेतमजूर, खाणीतल्या कामगार, सायकलवर बसल्या. तिथल्या जिल्हाधिकारीही एक बाईच होत्या, शीला राणी चुंकत. त्यात शिकण्यासारखं काय होतं? बायका घोळक्याने शिकत होत्या. एक पडली तर हसायला कोणी परकं नव्हतं. पडणं हा शिकण्याचाच भाग होता.

आम्ही तेच केलं. गटाच्या बैठकीत एक नवीन खातं उघडलं. त्याला नाव दिलं ‘मोडतोड खातं’. दर बैठकीला प्रत्येकीने दहा रुपये. त्यातून जास्तीची पाती, एक जादा बॅटरी आणि पुढे एक जुनाच पण धड असा दुसरा ड्रोन आला. आणि दोन नियम ठरवले. पहिला, मोडलं तर मोडणारीने माफी मागायची नाही. काय झालं ते सगळ्यांना सांगायचं. दुसरा, कितीही घाबरली तरी कोणी कोणाच्या हातातून रिमोट घ्यायचा नाही. तोंडाने सांगायचं, हाताने नाही. हा दुसरा नियम पाळायला सगळ्यात अवघड गेला. आपल्यालाही दुसरीच्या हातातलं काम ओढून घ्यायची सवय असते, सुनेच्या हातातलं लाटणं ओढतो तसं.

आता प्रत्यक्ष शिकण्याचं सांगते, म्हणजे कोणाला करून बघायचं असेल तर उपयोगी पडेल.

बहुतेक रिमोटवर दोन दांड्या असतात. डावी दांडी पुढे केली की ड्रोन वर चढतो, मागे घेतली की उतरतो. तीच दांडी डावी-उजवीकडे नेली की तो जागच्या जागी गिरकी घेतो. उजव्या दांडीने तो पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे सरकतो. पहिले कितीतरी दिवस फक्त एवढंच करायचं: ड्रोनची शेपटी आपल्याकडे ठेवून, डोक्याच्या उंचीवर, एका जागी स्थिर धरायचा. ऐकायला सोपं वाटतं. तो मात्र सारखा सरकत असतो आणि आपण सारखं थोडं थोडं सावरायचं असतं. नवशिकी दांडी जोरात दाबते. पोळीवर लाटणं फिरवतो तसा हलका हात लागतो, हे आमच्या एका मावशींनी सांगितलं आणि ते सगळ्यांना पटकन समजलं.

स्थिर धरता आला की चौकोन. पुढे, उजवीकडे, मागे, डावीकडे, आणि जिथून निघालो तिथेच उतरवायचा. त्यानंतरची पायरी खरी कठीण. ड्रोनचं तोंड आपल्याकडे केलं की त्याची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते. दांडी उजवीकडे नेली तर ड्रोन आपल्या डावीकडे जातो. आरशात बघून वेणी घालताना हात चुकतो तसं. बहुतेक आपटाआपटी इथेच होते. आमची एक मैत्रीण म्हणाली, “तोंडाकडून आला की मले नवऱ्यासारखा वाटते, सांगन त्याच्या उलटं करते.” त्यावर उपाय एकच, रोज थोडा सराव. महिन्याभरात डोळ्यांना सवय होते. मग इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायचा. तो जमला की हात तयार झाला समजा.

वेळ सकाळची निवडायची. आपल्याकडे दुपारी ऊन तापलं की वारा सुटतो, वावटळी उठतात. पदर खोचून घ्यायचा, केस बांधायचे, पात्यांभोवती जाळी लावायची. पाती छोटी असली तरी बोट कापतात. चार पात्यांपैकी समोरासमोरच्या कोपऱ्यातली दोन एका दिशेने फिरतात, दुसरी दोन उलट दिशेने. पात्यांवर ए आणि बी अशी खूण असते. बदलताना अदलाबदल झाली तर ड्रोन उडता उडता उलटतो. आम्ही पंधरा दिवस ड्रोन बिघडला म्हणून बसलो होतो, आणि चूक एवढीच होती. ड्रोन पडला की आधी डावी दांडी पूर्ण खाली. पाती गवतात अडकून फिरत राहिली तर मोटर जळते.

बॅटरी लिथियमची असते. तापलेली असताना चार्जिंगला लावायची नाही, रात्रभर लावून झोपायचं नाही. फुगली तर वापरायची नाही, टोचायची नाही, आणि आपण अंगणात कचरा पेटवतो त्यात तर मुळीच टाकायची नाही. भडका उडतो.

आता कायद्याचं. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे 250 ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला ‘नॅनो’ म्हणतात. तो उडवायला वैमानिकाचं प्रमाणपत्र लागत नाही. म्हणजे वाटेल तिथे उडवा असं नाही. सरकारने देशाच्या नकाशावर हिरवे, पिवळे आणि लाल पट्टे ठरवले आहेत. लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. हिरव्यातही साधारणपणे 400 फुटांपर्यंतच. नकाशा आधी बघायचा. ड्रोन सतत नजरेसमोर ठेवायचा, माणसांच्या डोक्यावरून न्यायचा नाही. आपल्या कारंजाजवळ सोहोळचं काळवीट अभयारण्य आहे. तिकडे आम्ही फिरकतही नाही. त्या आवाजाने जनावरं, पाखरं बिथरतात.

आणखी एक गोष्ट, जी शिकवणारे पुरुष सहसा सांगत नाहीत. आमच्या ड्रोनला छोटा कॅमेरा होता. पहिल्याच आठवड्यात वस्तीतल्या बायका विचारायला आल्या, “आमच्या न्हानीवर त नाही ना येत ते?” प्रश्न अगदी बरोबर होता. आपल्याकडे अजून कितीतरी न्हाण्यांना छत नाही. आम्ही त्या बायकांना वावरात नेलं, मोबाईलवर काय दिसतं ते दाखवलं आणि त्यांच्यासमोर कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. बाईला खाजगी जागी चोरून पाहणं, तिचं चित्रण करणं हा गुन्हा आहे. 2013 साली तो कायद्यात आला आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 मध्ये आहे. ड्रोनने केला म्हणून तो माफ होत नाही. पण तक्रार करायची तर हे यंत्र किती उंचीवरून काय बघू शकतं, ते आपल्याला माहीत पाहिजे. ज्या बायकांनी ते एकदा बघितलं, त्या आता आकाशात घरघर ऐकू आली की नुसत्या आत पळत नाहीत, कोणाचा आहे हे विचारतात.

आता मूळ मुद्द्याकडे येते. हे सगळं कशासाठी?

2017 चा खरीप आठवा. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. पाठीवर पंप घेऊन उंच वाढलेल्या कपाशीत चालणारा माणूस त्या औषधाच्या धुक्यातूनच चालत असतो. ते आपल्या डोळ्यांना दिसलं. पण त्या वावरात पाणी कोण भरत होतं? औषध डब्यात ढवळत कोण होतं? संध्याकाळी ते कपडे नदीवर, न्हाणीत हाताने धूत कोण होतं? बातमीत आपण नव्हतो, विषात होतो.

ड्रोनने फवारणी केली तर माणसाला पिकातून चालावं लागत नाही. पाठीवरच्या पंपाने एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं. ड्रोनला साधारण दहा लिटर पुरतं आणि एकर काही मिनिटांत होतो. हंडे वाहणं वाचलं, ही चांगली गोष्ट आहे. पण तेवढंच औषध थोड्या पाण्यात म्हणजे द्रावण जास्त जहाल. वाऱ्याने ते शेजारच्या वावरात निंदणाऱ्या बायांवर जाऊ शकतं. आणि टाकी कोण भरणार, कोण धुणार? ते काम पुन्हा आपल्याकडेच येईल, हातमोज्यांशिवाय. तणनाशक आलं तेव्हा आपल्या निंदणाच्या रोजाचं काय होईल, हे आपल्याला कोणी विचारलं नव्हतं. हे यंत्र येतानाही विचारणार नाहीत. ज्या बाईला यंत्र कळतं, तीच उभी राहून विचारू शकते.

आणि दुसरी भीती. आम्ही एका ठिकाणी फवारणीचं प्रात्यक्षिक बघायला गेलो होतो. गाव सांगत नाही. ज्या ताईच्या नावाने ड्रोन आणला होता, ती नवी साडी नेसून उभी होती. फोटो काढेपर्यंत रिमोट तिच्या हातात. फोटो झाला, रिमोट दिराच्या हातात गेला, आणि ती चहा द्यायला लागली. मी तिला हळूच विचारलं तर म्हणाली, “मले येते थोडं थोडं. पन आपटलं त घरात काय सांगू?”

पुन्हा तेच. फुटलं तर कोण भरणार?

मैत्रिणींनो, हे चित्र आपल्या ओळखीचं आहे. 73 वी घटनादुरुस्ती झाली, 1993 पासून लागू झाली, बायका सरपंच झाल्या, आणि कितीतरी गावांत खुर्चीमागे पती उभे राहिले. सही बाईची, कारभार बुवाचा. ते बदलायला आपल्याला किती वर्षं लागली, किती शिबिरं घ्यावी लागली! ड्रोनच्या बाबतीत तसंच होऊ द्यायचं का? कागदावर दीदी आणि रिमोट दादाकडे?

त्या ताईला दोष देऊ नका. पंधरा दिवसांचं प्रशिक्षण, त्यातले निम्म्याहून जास्त दिवस शेती, औषधं, फवारणी यांचे. उरलेल्या दिवसांत उडवायला किती मिळणार? आणि एकदम लाखोंच्या यंत्राला हात. ज्या बाईला जन्मभर कपबशी फोडायची मुभा नव्हती, तिच्या हातात एकदम एवढं मोठं यंत्र दिलं तर तिचे हात थरथरणारच. पोरांचे थरथरत नाहीत, कारण ते आधी खेळण्यावर पडून झालेले असतात. आपण ती मधली पायरीच चढलेलो नाही.

म्हणून माझं म्हणणं आहे की दर तालुक्यात गटांनी मिळून एक-दोन खेळण्यातले ड्रोन आणावेत. प्रशिक्षणाला कोणाचं नाव द्यायचं, हे त्याआधी ठरवूच नये. आधी सगळ्यांनी सहा महिने पाडून घ्यावेत. मग ज्यांचा हात बसेल, ज्यांना गोडी लागेल, त्यांची नावं द्यावीत. मोठ्या ड्रोनच्या प्रमाणपत्राला वय 18 ते 65 आणि दहावी पास ही अट आहे. आमच्या गटात सगळ्यात चांगला हात ज्या बाईचा आहे, ती सातवीत लग्न होऊन आलेली. ती आता सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसणार आहे. ड्रोनसाठी दहावी! पण काही का असेना, पुस्तक हातात आलं. ड्रोन मिळालेल्या गटाने विमा, दुरुस्ती, बॅटरीचा खर्च यांचा हिशोब पहिल्या दिवसापासून गटाच्या वहीत ठेवावा, घरच्या पुरुषाच्या खिशात नाही. आणि गटाचा ठराव करावा, की रिमोट प्रमाणपत्र असलेल्या बाईच्याच हातात राहील. यंत्र आपटलं तर तो गटाचा खर्च, एका बाईचा गुन्हा नाही.

मागच्या महिन्यात माझ्या सासूबाई वावरात आल्या होत्या. वय पंच्याहत्तर. बांधावर बसून बघत होत्या. मी म्हटलं, “आई, धरता का?” म्हणाल्या, “मोडला त?” मी म्हटलं, “खातं हाय आपल्याकडे.” त्यांनी रिमोट घेतला. ड्रोन पुरुषभर उंच गेला, डुलला, आणि ढेकळात पडला. एक पातं तुटलं. त्या क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी काहीच बोलले नाही. मग त्याच म्हणाल्या, “दुसरं लाव. आता समजलं मले, लय दाबलं मी.”

दर रविवारी सकाळी सात वाजता आम्ही त्या वावरात असतो. यायचं असेल तर या. येताना दहा रुपये आणा, मोडतोड खात्यासाठी.